दुकानातलं चित्र आणि चुलीपुढचं चित्र

हातातलं काम चालू राहू द्या, ऐकता ऐकता होईल. आज कॅमेऱ्याची गोष्ट आहे. चालतं चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची, म्हणजे ज्याला आपण शूटिंगचा कॅमेरा म्हणतो त्याची.

आधी आमचंच सांगतो. आमच्या वाडीत एक आज्जी होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना एवढ्या पाठ, की पहाटे सुरू झाल्या तर दळण संपायचं पण ओव्या संपायच्या नाहीत. गटाने ठरवलं, आज्जींचं शूटिंग करून ठेवायचं. लग्नाचं शूटिंग करणारा एक जण बोलावला, त्याला पैसे दिले. आज्जी घरात जात्यापाशी बसल्या. पाठीमागे दार उघडं, दारात लख्ख ऊन. दोन तास त्या गायल्या. आठ दिवसांनी कॅसेट आली. लावली, तर आवाज चांगला होता, दार चांगलं दिसत होतं, दारातली शेळीसुद्धा चांगली दिसत होती. आज्जींचं तोंड मात्र नव्हतं. तोंडाच्या जागी काळा डाग. पुन्हा करू म्हणेपर्यंत पावसाळा आला आणि त्या पावसाळ्यात आज्जी गेल्या. आज त्यांची नातवंडं ती कॅसेट लावतात आणि विचारतात, यात आज्जी कुठंय?

म्हणून आम्ही स्वतःचा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, मोबाइलवर आजच्यासारखं चित्र येत नव्हतं तेव्हाची. बचतीचे पैसे काढायचे म्हणजे घरोघरी जाब द्यावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. एकच प्रश्न सगळ्यांनी विचारला. दुकानदार दहा कॅमेरे पुढे ठेवील, त्यातला चांगला कोणता हे तुम्हाला कळणार कसं?

ही पंचाईत आमच्यापासून सुरू झाली नाही. शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा बराचसा इतिहास आपल्याच मुलुखात घडलाय.

मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणून एक फोटोग्राफर होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. 1896 साली मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा चालती चित्रं दाखवली गेली. ती पाहून सावेदादांनी विलायतेतून 21 गिनींना कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पण फिल्म धुवायची सोय इथे नव्हती. ती बोटीने विलायतेला गेली आणि धुऊन परत आली. म्हणजे कॅमेरा आधी घ्यायचा, कुस्ती आधी टिपायची आणि पैलवानांची तोंडं आलीत की नाही ते किती तरी दिवसांनी बघायचं. आमच्या आठ दिवसांचं काय घेऊन बसलात! पुढे 1901 साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, ते पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं.

मग आले दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, फोटोग्राफी आणि छपाईत हात बसलेला. मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहून त्यांनी ध्यास घेतला, की आपल्या देवांचाही सिनेमा करायचा. विम्याच्या पॉलिश्या गहाण ठेवून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. सिनेमावरचं एक साप्ताहिक निघायचं, त्याच्या कचेरीत ते सरळ गेले आणि संपादकांना भेटले. त्या कॅबोर्न नावाच्या संपादकांनी आधी सांगितलं, या धंद्यात पडू नका. पण माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच कॅमेरा निवडायला मदत केली. विल्यमसन नावाचा, हाताने फिरवायचा कॅमेरा 50 पौंडांना घेतला. आम्हाला यात मोठं वाटतं ते हे, की फाळके आधी दुकानात गेले नाहीत. ज्याला विक्रीतून काही मिळणार नाही अशा जाणत्या माणसाला त्यांनी आधी गाठलं.

कॅमेरा घरी आल्यावर फाळक्यांनी काय टिपलं असेल? राजा नाही, राणी नाही. आधी घरातलीच माणसं, मुलंबाळं. आणि मग कुंडीतला वाटाणा. वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्र घेत महिनाभराहून जास्त दिवस त्याची वाढ टिपली. ते सगळं एका मिनिटात पडद्यावर दिसलं, कोंब फुटतोय, वर येतोय, वेल चढतोय. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात त्याला. ते बघून पैसे घालणाऱ्याला विश्वास आला. आम्हाला विचाराल तर कॅमेऱ्याची परीक्षा यापेक्षा कडक असूच शकत नाही. उजेड रोज बदलणार, ढग येणार, रोप बारीक, रंग सगळा हिरवा, आणि महिनाभर सगळं एकसारखं दिसलं पाहिजे.

या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके कुठे होत्या? अंधारात. हे शब्दशः खरं आहे. विलायतेहून आलेल्या फिल्मच्या कडेला भोकं पाडलेली नसायची. फिल्म कॅमेऱ्यातून पुढे सरकते ती त्या भोकांत दाते अडकून. भोक जरा इकडेतिकडे झालं, की पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम उजेडात करता येत नाही, उजेड लागला की फिल्म खराब. म्हणून घरातली कामं उरकली, की रात्री अंधाऱ्या खोलीत बसून सरस्वतीबाई यंत्राने भोकं पाडायच्या. आम्ही एकदा हिशेब मांडला. एका फुटात 16 चित्रं, दर चित्राला दोन्ही कडांना मिळून 8 भोकं, म्हणजे फुटाला 128. ‘राजा हरिश्चंद्र’ 3,700 फुटांचा होता. साडेचार लाखांवर भोकं झाली, वाया गेलेली फिल्म सोडून. शिवाय फिल्म धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिनेही त्यांचेच मोडले गेले. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो सिनेमा लागला. चित्र थरथरलं नाही, त्यात त्या हातांचा वाटा होता. पडद्यावर मात्र बाई नव्हतीच. तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या.

ती चादर लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

आता तुमच्या घरातला जुना फोटो आठवा, आजेसासूबाईंचा किंवा पणजीचा. कपाळावरचं कुंकू कोळशासारखं काळं दिसतं की नाही? आम्हाला लहानपणी वाटायचं, त्या काळी बुक्काच लावत असतील. तसं नाही. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही. निळा दिसायचा, हिरवा थोडाफार, तांबडं सगळं काळं. कुंकू काळं, लाल लुगडं काळं, ओठ काळे. आणि आपली सावळी कातडी, तिच्यात तांबूसपणा असतो, म्हणून ती आहे त्याहून काळी यायची. म्हणून नटनट्या तोंडाला पांढरा रंग फासायच्या. तांबडा रंगही नीट पकडणारी फिल्म 1920 च्या दशकाच्या शेवटी शेवटी सगळीकडे रुळली. दोष त्या बायांच्या रंगात नव्हता, फिल्मच्या डोळ्यात होता.

पुढे रंगीत फोटो आले तरी ही गोष्ट संपली नाही. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना एक नमुन्याचा फोटो द्यायची. त्यात एक गोरी बाई. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला, की यंत्र बरोबर लागलं असं समजायचं. मग त्या यंत्रातून सावळ्या माणसांचे फोटो कसे निघायचे ते काय सांगावं. गंमत अशी, की यावर कंपनीचं लक्ष गेलं त्यात चॉकलेटवाल्यांचा आणि लाकडी सामानवाल्यांचाही हात होता. त्यांच्या जाहिरातींत चॉकलेटचे आणि लाकडाचे तपकिरी रंग वेगवेगळे दिसत नव्हते, म्हणून त्यांनी तक्रार केली. माणसांच्या तोंडासाठी नाही, लाकडासाठी! आम्ही हे गटात सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, आपण आपलं कपाट घेऊनच तक्रारीला जायचं आता.

पुण्याकडे येऊ. बाबूराव पेंटर कोल्हापूरचे. त्यांनी कॅमेरा विकत घेतला नाही, कोल्हापुरात स्वतः घडवला. यंत्र उघडून, समजून, लेथवर भाग कातून. त्या कॅमेऱ्याने केलेला ‘सैरंध्री’ 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. कीचकाचा वध इतका खराखुरा दिसला, की तो भाग कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. गावठी कॅमेरा, विलायती नाव नाही, तरी चित्र असं. ते आर्यन मंडईजवळ होतं. आता तिथे गाड्या लावतात.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी 1929 साली कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली आणि 1933 मध्ये ती पुण्यात आणली. त्याच साली प्रभातने पुन्हा ‘सैरंध्री’ केला, रंगीत करायचा म्हणून. शांतारामबापू फिल्म घेऊन जर्मनीला गेले, तिथे रंगीत प्रती काढल्या. रंग मनासारखे आले नाहीत, भडक आले. एवढ्या मोठ्या कंपनीचा पैसा अडकला. रंग असणं वेगळं आणि रंग खरा असणं वेगळं, हे प्रभातला तेव्हा महागात कळलं. पण पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, पुण्यात ‘अमृतमंथन’ झाला. त्यात चंद्रमोहनचा एकच डोळा अख्ख्या पडद्यावर आला. टेलिफोटो भिंगाने, म्हणजे दुरून जवळचं दाखवणाऱ्या खऱ्या भिंगाने. लोक त्या डोळ्याला दचकले. प्रभात बंद पडल्यावर त्याच जागेत 1960 साली सरकारने सिनेमा शिकवण्याची संस्था काढली. 1964 साली जुने सिनेमे सांभाळणारं सरकारी संग्रहालयही पुण्यात झालं.

मग व्हिडिओ आला. 1983 साली सोनीने कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात घातला. खांद्यावर घ्यायचा. पण त्यावर टिपलेलं त्याच्यावर बघता येत नव्हतं, बघायला दुसरं यंत्र लागे. सावेदादांचीच तऱ्हा झाली. आपल्याकडे त्याच सुमाराला लग्नांत हॅलोजनचे दिवे घेऊन शूटिंगवाले फिरू लागले. नवरी घामाघूम आणि तोंड तुपात बुडवल्यासारखं. 1995 साली डिजिटल कॅसेट आली. जुन्या व्हीएचएस चित्रात आडव्या बारकाव्याच्या साधारण 240 रेघा, डिजिटलमध्ये 500 च्या आसपास. फरक डोळ्यांना दिसायचा.

हे काम बायांचं नाही असं कोणी म्हटलं, तर अहमदाबादचं नाव घ्यायचं. 1984 साली तिथल्या सेवा संस्थेतल्या 20 बाया व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या. त्यांनी आपल्यासारख्याच बायांच्या कामाची चित्रं काढली आणि ती अधिकाऱ्यांना दाखवली.

तर अशी सगळी शिदोरी बांधून आम्ही चौघी निघालो. भोरकडची एसटी, स्वारगेट, तिथून पायी मंडईवरून बुधवार पेठ, तापकीर गल्ली. पिशवीत एक इरकली लुगडं, कुंकवाचा करंडा आणि एक कोरी कॅसेट. दुकानाचं नाव सांगत नाही, भाऊ तसा बरा होता.

त्याने आधी खोका दाखवला. खोक्यावर मोठमोठे आकडे. इतके मेगापिक्सेल, 800 पट झूम. आम्ही विचारलं, “दादा, हे मेगापिक्सेल स्थिर फोटोचे की चालत्या चित्राचे?” तो म्हणाला, “ताई, फोटोचे.” मग आमच्या काय कामाचे? झूमचंही तसंच. खरा झूम भिंगाचा असतो, अमृतमंथनातल्या डोळ्यासारखा. बाकीचा आकडा म्हणजे मधलं चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं. पाण्याने वाढवलेलं कालवण. खोक्यावर बारीक अक्षरात ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं असतं, तेवढाच आकडा वाचायचा. तो 20 निघाला.

मग त्याने भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर चित्र लावलं. फुलं, समुद्र, गोरी मुलगी. डोळे दिपले. आम्ही म्हटलं, हे कंपनीचं चित्र झालं, आमचं दाखवा. तीन कॅमेरे काढायला लावले. तिन्ही एकाच टीव्हीला, एकाच वायरने जोडायला लावले, कारण तिथल्या प्रत्येक टीव्हीचा रंग वेगळा वाढवलेला होता. कॅमेऱ्याच्या बाजूला जो इवलासा पडदा असतो त्यावर तर काहीच ठरवू नये. एवढ्याशा पडद्यावर सगळंच रेखीव दिसतं.

इरकली लुगडं धरलं. त्याच्या काठाच्या बारीक रेघा एका कॅमेऱ्यात मुंग्या धावल्यासारख्या वळवळायला लागल्या. तो बाजूला ठेवला. राहिले दोन. एकात कुंकू झकास लाल, इतकं लाल की आपल्या करंड्यातल्यापेक्षा जास्त. दुसऱ्यात जसं होतं तसं, जरा मंदच. आमच्यातल्या दोघींना पहिला आवडला, खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच आवडला.

पण दुकानात ट्यूबा होत्या दहा. आपल्या घरात असते एक, आणि तीही वीज असली तर. आम्ही म्हटलं, दादा, जिन्याखाली नेऊन बघू. तो हसला, पण पोराला पाठवलं. जिन्याखाली अंधार, एका बाजूने बोळातला उजेड, अगदी आज्जींच्या दारासारखा. एकीला तिथे बसवलं. तिचा रंग आमच्यात सगळ्यांत सावळा, तीच म्हणाली, मला बसवा. पहिल्या कॅमेऱ्यात तिच्या तोंडावर निळेतांबडे ठिपके नाचायला लागले, चिलटं बसावीत तसे. दुसऱ्यात ठिपके होते, पण थोडे, आणि तिचे डोळे दिसत होते, गालावरचा तीळ दिसत होता.

असं का झालं ते पोराने सांगितलं. कॅमेऱ्याच्या आत उजेड पकडणारी एक चकती असते, नखाएवढी. पहिल्याची लहान, दुसऱ्याची मोठी. पावसात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. सरी आल्या तर दोन्हींत पाणी साठतं, भुरभुर आली तर परातीतच काही तरी मिळतं. उजेडाचं तसंच. खोक्याच्या पुढल्या बाजूला हे कोणी छापत नाही.

दुसऱ्या कॅमेऱ्याला एक बटण होतं, पाठीमागून उजेड असला तर दाबायचं. पोराने दाबलं आणि बोळ पांढरा झाला, तोंड उजळलं. आम्ही चौघी गप्प झालो. आज्जींच्या वेळी हे बटण त्या माणसाच्या कॅमेऱ्यालाही असणार. आणि बटण नसतं तरी आज्जींना दाराकडे तोंड करून बसवता आलं असतं. नाही तर समोर पांढरी चादर धरायची होती, सरस्वतीबाईंनी धरली तशी. आम्ही तिथेच होतो की त्या दिवशी, चहा करत होतो. सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकणं बरोबर नाही.

शेवटी मंद रंगाचा, मोठ्या चकतीचा घेतला. तो तीन हजारांनी महागही होता, त्यावरून एसटीत स्वारगेट ते कापूरहोळ वाद झाला. गावात आल्यावर दोन जणींच्या सासरच्यांनी विचारलंच, याच्यापेक्षा स्वस्तात जास्त लाल दिसणारा मिळत होता म्हणे?

त्यांना दुसऱ्या दिवशी आमच्या कॅसेटवरचं दाखवलं. ती अजून आहे आमच्याकडे. तिच्यावर नंतर सात आज्ज्यांच्या ओव्या टिपल्या, दाराकडे तोंड करून, समोर कुणीतरी धोतर नाही तर चादर धरून. पण कॅसेट सुरुवातीपासून लावली, की आधी तापकीर गल्लीचा गोंगाट ऐकू येतो, मग इरकलीचा काठ, मग जिन्याखाली बसलेली आमची ती मैत्रीण. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, पोराला विचारतेय, “दिसतेय का रे मी?” आणि पोरगं म्हणतं, “दिसताय ना ताई, जरा इकडं वळा.”